कुठल्या जागी कुठली लाइन: सोलापूरच्या तलावांवर ल्युअर टाकणाऱ्या नवख्यांसाठी

रॉड आणि रीळ घेताना माणूस चार जणांना विचारतो, तासन्‌तास व्हिडिओ बघतो. लाइन मात्र दुकानदार काढून देईल ती भरून घेतो. खरं तर मासा लागला की तुमच्या आणि त्याच्या मध्ये उरतं ते एवढंच: एक बारीक दोरा आणि त्याच्या टोकाची गाठ. उजनीच्या काठावर संध्याकाळी कुणालाही विचारा, मोठा मासा कसा गेला? रॉड मोडला असं सांगणारा क्वचित भेटेल. लाइन तुटली, गाठ सुटली, बाभळीत अडकली, हीच उत्तरं मिळतील.

कणकेच्या गोळीवर किंवा गांडुळावर रोहू, कटला, चिलापी धरणाऱ्यांना तंगूस, म्हणजे नायलॉनची लाइन, चांगलाच ओळखीचा आहे. त्या मासेमारीला तो पुरतोही. पण कृत्रिम आमिषाकडे, म्हणजे ल्युअरकडे वळलात की एकटा तंगूस पुरत नाही, आणि दुसरीकडे दुकानातली सगळ्यात महाग लाइनही सगळीकडे चालत नाही. काय कुठे चालतं, हे पायरीपायरीने बघू.

आधी थोडं बासबद्दल

ल्युअरच्या बऱ्याचशा पद्धती बास माशाच्या मागे लागलेल्या लोकांनी घडवल्या. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. गवताच्या, बुडालेल्या लाकडाच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि जवळून काही गेलं की झडप घालतो. या माशाचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात केला, २२ पौंड ४ औंस, म्हणजे साधारण १०.१ किलो. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा बास दहा किलोचा. रोज लागणारे मासे किलो-दोन किलोचेच.

आता गंमत बघा. हेच बासवाले दाट गवतात ५० किंवा ६५ पौंडांची लाइन वापरतात. ६५ पौंड म्हणजे २९ किलोंच्या वर. दोन किलोच्या माशाला एकोणतीस किलोची लाइन कशाला? कारण ती लाइन माशासाठी नाहीच, ती गवतासाठी आहे. आणि हेच लोक उघड्या, नितळ पाण्यात त्याच माशासाठी ६ पौंडांवर येतात. नवख्या माणसाने एवढी एक गोष्ट पक्की धरली तरी अर्धं काम झालं. लाइन जागेप्रमाणे आणि ल्युअरच्या चालीप्रमाणे निवडायची, माशाचं वजन हा शेवटचा विचार.

आपल्या तलावांत बास नाही, आणि कुणी आणून सोडूही नये. चिलापी अशीच बाहेरून आली, १९५२ साली देशात आणली गेली आणि आज उजनीच्या बाजारात टोपल्याच्या टोपल्या तिच्याच असतात. आपल्याकडे बासची जागा घेते ती मरळ. तीही गवतात दबा धरते, तीही बेडकावर झडप घालते, आणि हवा घ्यायला अधूनमधून वर येते म्हणून काठावरून दिसतेसुद्धा. बासच्या निम्म्याहून जास्त युक्त्या मरळीवर जशाच्या तशा चालतात. खोल पाण्यात शिवडा आहे, तो रात्रीचा आणि दांडगा. आणि हलक्या सामानावर चिलापी.

पायरी १: परवानगी आणि जागा

जिल्ह्यातले बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांनी बीज सोडलेलं असतं, त्यावर घरं चालतात. हिप्परगा असो, होटगी असो की एखादा पाझर तलाव, आधी काठावरच्या मच्छीमारांना भेटून विचारा. दहापैकी नऊ वेळा ते परवानगीबरोबर चांगली जागाही सांगतात. सिद्धेश्वर तलाव देवस्थानाच्या भोवतीचा, तिथे गळ टाकण्याचा विचारही नको.

मग जागा नीट बघा. लाइनच्या दृष्टीने आपल्याकडे चार प्रकारची पाणी आहेत:

- जलपर्णी, पाणगवत किंवा बेशरमीची झुडपं असलेला उथळ काठ. मरळीचं घर.
- धरणाच्या किंवा तलावाच्या भरावाचं दगडी पिचिंग. काळा दगड, धारदार कडा.
- बुडालेली झाडं. उजनीच्या फुगवट्यात बाभळी, जुन्या विहिरींचे काठ, पडक्या भिंती, सगळं पाण्याखाली आहे.
- उघडं, खोल पाणी. अडकायला काही नाही.

उजनीबाबत एक फायद्याची गोष्ट सांगतो. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. त्यामुळे उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये गेल्याच्या बातम्या आल्या की सोलापूरकराच्या पोटात गोळा येतो. पण ल्युअर टाकणाऱ्याने त्याच दिवसांत काठाने एक फेरी मारावी. पावसाळ्यात जिथे वीस फूट पाणी असतं तिथला तळ उघडा पडलेला असतो. कुठे बाभळीची खोडं आहेत, कुठे दगडी बांध आहे, कुठे जुना रस्ता आहे, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, जागेची खूण ठेवा. पाणी भरल्यावर कुठल्या कोपऱ्यात कुठली लाइन न्यायची, हे तो फोटो सांगतो.

पायरी २: तीन लाइन हातात घेऊन ओळखा

प्रत्येकीचा तीन-चार इंचांचा तुकडा मिळवा आणि पाण्याचा ग्लास घ्या. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे तुकडा नुसत्या पाण्याच्या ताणावर अडकून राहणार नाही.

*तंगूस*, म्हणजे नायलॉनची एकेरी तार, दुकानात ‘मोनो’. पाण्यापेक्षा किंचितच जड, त्यामुळे ग्लासात अगदी सावकाश खाली जातो. हातात ओढून बघा, चांगलाच ताणला जातो. हा ताण कधी वरदान, कधी अडचण. मासा हिसडा मारतो तेव्हा धक्का पचवतो, पण वीस-पंचवीस मीटरवर माशाने नुसतं तोंड लावलं तर तुमच्या हातापर्यंत काही पोचत नाही. नायलॉन पाणी पितं, भिजल्यावर थोडं कमजोर होतं. उन्हाने तर फारच लवकर खराब होतं, आणि सोलापूरचं ऊन काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको.

*फ्लुरोकार्बन*. दिसायला तंगूसासारखीच, पण ग्लासात सरळ खाली बुडते. तिची घनता पाण्याच्या पावणेदोन पटींहून थोडी जास्त. दगडावर घासली तरी तंगूसापेक्षा टिकते, पाणी पीत नाही, उन्हाला दाद देत नाही. ‘पाण्यात दिसत नाही’ ही तिची सगळ्यात मोठी जाहिरात. प्रकाश तिच्यातून वळतो तो तंगूसापेक्षा पाण्याच्या जास्त जवळचा, हे खरं. पण उन्हाळ्यातल्या उजनीचं पाणी आठवा, हिरवंगार, वीतभर खालचं दिसत नाही. अशा पाण्यात न दिसण्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. आपल्याकडे फ्लुरोकार्बन घ्यायची ती दोनच कारणांनी, बुडते म्हणून आणि घासायला टिकते म्हणून. पाकिटावर ‘फ्लुरोकार्बन कोटेड’ लिहिलं असेल तर आत नायलॉनच आहे, वरून लेप. ग्लासाची परीक्षा तिथे कामाला येते.

*ब्रेडेड*. पॉलिइथिलिनचे अतिबारीक तंतू चार किंवा आठ पदरांत विणून केलेली. पाण्यावर तरंगते. ताण जवळजवळ नाहीच, त्यामुळे तळाशी खडा लागला तरी बोटाला कळतं. आणि त्याच जाडीत तंगूसाच्या दुप्पट-तिप्पट ताकद. गवत तर करवतीसारखं कापत येते. पण दगडाच्या धारेवर ताणात असताना घासली की पदर एकामागून एक तुटतात आणि डोळ्यादेखत जाते. नवख्यांना हे पटत नाही, ‘एवढी तीस पौंडांची लाइन दगडाने कशी तुटेल?’ म्हणतात. पिचिंगवर एकदा वापरली की पटतं.

पायरी ३: पाकीट वाचायला शिका

पाकिटावर पौंड लिहिलेले असतात. पौंडांना ०.४५ने गुणा, किलो मिळतात. १२ पौंड म्हणजे साधारण साडेपाच किलो. हा आकडा सरळ ओढीचा आहे, गाठ मारली की तो कमी होतो.

पौंडांपेक्षा मिलिमीटरकडे जास्त लक्ष द्या. जाडी मोजता येते, ताकदीचा दावा कुणीही छापू शकतो. स्वस्त ब्रेडेडवर ‘८० पौंड’ लिहिलेलं असतं आणि जाडी बघावी तर तीस पौंडांची, हे बाजारात नेहमीचं आहे.

जपानी पद्धतीच्या ब्रेडेडवर ‘पीई १’, ‘पीई २’ असे क्रमांक असतात. टॉवेल-चादरीच्या कारखान्याशी संबंध आलेल्या सोलापूरकराला इथे एक धोका आहे. सुती सुताचा काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक, ही सवय डोक्यात बसलेली असते. पीई क्रमांक उलटा, डेनियरवरून, म्हणजे ठरावीक लांबीच्या धाग्याच्या वजनावरून, ठरवलेला. पीई १ म्हणजे २०० डेनियर, जाडी सुमारे ०.१६५ मिमी. पीई २ सुमारे ०.२३, पीई ४ सुमारे ०.३३ मिमी. क्रमांक वाढला की लाइन जाड.

पायरी ४: पद्धत तशी लाइन

*रबरी बेडूक, गवतावरून.* सगळ्यात आधी हीच पद्धत शिका, कारण मरळ याच पद्धतीवर सगळ्यात जास्त लागते आणि इथे लाइनचा निर्णय सगळ्यात स्पष्ट आहे. ब्रेडेड, आणि फक्त ब्रेडेड. बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, फिरत्या गुंडीचं) रीळ असेल तर ५० पौंड, साधं स्पिनिंग (रॉडच्या खाली लटकणारं) रीळ असेल तर ३० ते ४०. पुढे लीडर, म्हणजे मुख्य लाइन आणि ल्युअर यांच्या मधला वेगळ्या लाइनचा तुकडा, लावायचा नाही. बेडूक थेट ब्रेडेडला बांधा.

कारणं नीट समजून घ्या. बेडूक जलपर्णीच्या पानांवरून सरकवत आणता, तेव्हा लाइन पानांवर पडलेली असते. मासा लाइन बघतच नाही, त्याला वरून हलणारी सावली दिसते. त्यामुळे लीडर लपवण्याचा प्रश्न नाही. उलट लीडरची गाठ प्रत्येक देठात अडकते. मग मरळ खालून पान फाडून येते. आवाज मोठा होतो, पाणी उसळतं आणि नवख्याचा हात आपोआप वर जातो. तिथेच थांबा. लाइन ताणली जाईपर्यंत, वजन हाताला जाणवेपर्यंत थांबा, साधारण ‘एक, दोन’ म्हणण्याइतका वेळ, आणि मग जोरात हिसडा द्या. बेडकाचे दोन जाड गळ अंगाला चिकटलेले असतात, ते उघडून तिच्या टणक तोंडात रुतायला एकदम ताकद लागते. ताणणारा तंगूस ती ताकद वाटेतच खातो. ब्रेडेड सगळी पोचवते. गळ रुतल्या क्षणापासून मासा पुन्हा गवतात डोकं खुपसणार, आणि त्याला वर ठेवून पानांसकट ओढत आणायचं आहे. दोन किलोची मरळ आणि वर चार किलो गवत, हे वजन काठापर्यंत येतं. पन्नास पौंड कशाला, हे तेव्हा कळतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा गोळा फिरताना दिसला तर खाली नर-मादी राखण करत असतात. ते कुठल्याही ल्युअरवर चिडून येतात, म्हणून काहीजण मुद्दाम तिथेच टाकतात. असं करू नका. राखणारी जोडी गेली की सगळा गोळा इतर माशांच्या तोंडात जातो. तुमच्याच पुढच्या दोन-तीन वर्षांच्या मरळी त्या.

*पॉपर आणि पेन्सिल, उघड्या पाण्यावर.* ही ल्युअर वरच्या वर तरंगत, थुंकत किंवा नागमोडी चालतात. फ्लुरोकार्बन इथे चुकूनही नको. ती बुडते आणि ल्युअरचं नाक पाण्यात ओढते, चाल बिघडते. १२ ते १५ पौंडांचा तंगूस उत्तम. ब्रेडेड भरलेलीच असेल तर पुढे दीड-दोन फूट जाड तंगूसाचा लीडर लावा. नुसती ब्रेडेड फार लुळी असते, ल्युअर थांबलं की तिची ढील पुढच्या तिहेरी गळात गुंतते.

*क्रँकबेट.* जीभ असलेलं, ओढलं की खाली जाऊन थरथरणारं ल्युअर. भरावाच्या कडेने समांतर ओढायला छान. १० ते १२ पौंडांची फ्लुरोकार्बन किंवा तंगूस. इथे थोडा ताण हवाच असतो. तिहेरी गळ छोटे असतात, मासा धरून लगेच वळतो, आणि अजिबात न ताणणारी लाइन असेल तर गळ तोंड फाडून निघतो. आणखी एक, लाइन जितकी बारीक तितकं क्रँकबेट खोल जातं. तेच ल्युअर फूट-दोन फूट वर चालवायचं असेल तर जाड तंगूस लावा. नवीन ल्युअर घ्यायची गरज नाही, लाइन बदलूनच खोली बदलते.

*स्पिनर, स्पिनरबेट, चमचा.* १२ ते १५ पौंड, तंगूस किंवा फ्लुरोकार्बन, फार डोकं लावायचं काम नाही. फक्त साध्या फिरत्या स्पिनरच्या आधी चांगला स्विव्हल (गरागरा फिरणारी कडी) लावा, नाहीतर लाइनला इतका पीळ बसतो की दुपारपर्यंत रिळावरून गुंडाळ्या उडायला लागतात.

*रबरी किडा आणि जिग (शिशाच्या डोक्याचा गळ), तळाशी.* जड शिसं, टेक्सास पद्धतीने गळ आत लपवलेला किडा, आणि तळावरून हळूहळू खरडत आणायचं. इथे दोन गोष्टी हव्यात, तळ जाणवला पाहिजे आणि दगडाला लाइन टिकली पाहिजे. बेटकास्टरवर १५ पौंडांची सरळ फ्लुरोकार्बन. स्पिनिंग रिळावर जाड फ्लुरोकार्बन नीट बसत नाही, कडक असल्याने उसळून वेटोळी होते. तिथे २० किंवा ३० पौंडांची ब्रेडेड आणि पुढे १२ ते १५ पौंडांचा फ्लुरोकार्बनचा लीडर, रॉडच्या उंचीएवढा. बुडालेल्या बाभळीत मात्र मी ३० पौंडांच्या लीडरपर्यंत जातो. बाभळीची साल ओलीसुद्धा खरखरीतच राहते.

*बारीक सामान.* दोन-तीन ग्रॅमचं जिग, छोटा रबरी किडा, चिलापीसाठी किंवा मासे रुसलेले असताना. १० पौंडांची बारीक ब्रेडेड, पुढे ६ ते ८ पौंडांचा फ्लुरोकार्बनचा लीडर. हिवाळ्यात, पाणी निवळल्यावर, बारीक लीडरचा खरा उपयोग होतो.

*शिवड्यासाठी* ३० पौंडांची ब्रेडेड आणि ४० पौंडांच्या आसपास तंगूसाचा लीडर. त्याच्या जबड्यात बारीक दातांची रांग असते, ती बारीक लीडर कानशीसारखी घासून टाकते.

एवढं वाचून सगळं विकत घ्यायला जाऊ नका. एकच स्पिनिंग रीळ असेल तर माझं मत सरळ आहे: ३० पौंडांची ब्रेडेड दीडशे मीटर, १२ पौंडांच्या फ्लुरोकार्बनची एक छोटी गुंडी आणि २० पौंडांच्या तंगूसाची एक. गवतावर नुसती ब्रेडेड, दगडावर फ्लुरोकार्बनचा लीडर, वरच्या ल्युअरला तंगूसाचा. पहिलं वर्ष यात आरामात निघतं.

पायरी ५: रिळावर भरणं

ब्रेडेड थेट रिळाच्या धातूच्या स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळायच्या चकतीवर, बांधली तर सगळी गुंडी सैल घसरत फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक, बिघडला. आधी खाली पाच-दहा मीटर तंगूस गुंडाळा, किंवा निदान इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. तंगूसाने ब्रेडेडचा खर्चही वाचतो.

भरताना ओल्या फडक्याच्या चिमटीतून लाइन ताणात ठेवा. ब्रेडेड सैल भरली की पहिल्या मोठ्या माशाला वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो, पुढच्या फेकीला अचानक अडतो आणि ल्युअर एकटंच उडून जातं. स्पूलची कडा दोन-तीन मिलिमीटर मोकळी राहील एवढंच भरा.

पायरी ६: गाठी, दोनच

ल्युअर बांधायला पालोमर. लाइन दुहेरी करा, ल्युअरच्या कडीतून ओवा, साधी सैल गाठ मारा, राहिलेल्या फाशातून अख्खं ल्युअर काढा आणि ओढा. ब्रेडेड गुळगुळीत असल्याने इतर कितीतरी गाठी त्यात सरकतात, ही सरकत नाही.

ब्रेडेड आणि लीडर जोडायला डबल युनी. दोन्ही टोकं समोरासमोर ठेवून एकमेकांवर युनी गाठ मारायची आणि ओढून भिडवायच्या. ब्रेडेडच्या बाजूने आठ वेढे, लीडरच्या बाजूने पाच पुरतात. एफजी गाठ यापेक्षा बारीक बसते, पण ती घरी पंख्याखाली बसून शिका, काठावर वाऱ्यात नाही.

कुठलीही गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी ओढली की घर्षणाने तापते, आणि फ्लुरोकार्बन तर तिथेच अशक्त होते. आवळल्यावर गाठीच्या मागे लाइन वळवळीत, केसाच्या गुंतवळीसारखी दिसली तर ती भाजली, कापून परत बांधा. मग हाताने जोर लावून ओढून बघा. तुटायची असेल तर ती तुमच्या हातात तुटू दे.

पायरी ७: ड्रॅग

भाजीवाल्याकडचा टांगता स्प्रिंग काटा किंवा सामान तोलायचा डिजिटल काटा घ्या. लाइन रॉडच्या कड्यांमधून काढून काट्याला बांधा आणि रॉड उचलून ओढा. सगळ्यात कमजोर भागाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर रीळ लाइन सोडायला लागलं पाहिजे. १२ पौंडांचा लीडर असेल तर दीड-पावणेदोन किलोच्या आसपास. मागे ब्रेडेड तीस पौंडांची असली तरी हिशोब लीडरचाच. गवतात बेडूक टाकताना मात्र ड्रॅग जवळजवळ बंद. तिथे माशाला पळायला लाइन दिली की तो गेलाच.

पायरी ८: काठावर असताना

दर काही फेकींनंतर आणि प्रत्येक माशानंतर शेवटचा हातभर भाग अंगठ्याच्या नखावरून फिरवा. गुळगुळीत सरकला तर ठीक. कुठे खरखर, चपटेपणा किंवा पांढरा चरा लागला तर तेवढं कापून गाठ नव्याने बांधा. ब्रेडेडचा रंग उडाला म्हणून घाबरू नका, तो उडतोच. तंतू पिंजून केसाळ झाले असतील तेवढं काढा. पिचिंगवर हे काम दर पाच-सात फेकींना करावं लागतं आणि कंटाळा येतो, तरी करा.

लाइन अडकली तर हाताला गुंडाळून कधीही ओढू नका. ब्रेडेड मांसात घुसते, हाडापर्यंत जाते. रॉड खाली ठेवा, एखाद्या जाड काठीला चार वेढे द्या, तोंड बाजूला वळवा आणि मागे चालत सरळ रेषेत ओढा. ल्युअर गोळीसारखं परत येतं, म्हणून डोळ्यांवर गॉगल हवा. उजनीच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी आणि पाण्यात गेलेल्या केबल जागोजागी आहेत. लाइन केबलमध्ये अडकल्याची जराही शंका आली तर ओढायचं नाही, कापून सोडून द्यायचं, ल्युअर कितीही महाग असो. केबलच्या ओळीजवळ मुळात टाकूच नये. वरच्या वीजतारांखालीही नाही, कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो.

लाइन भरलेलं रीळ उन्हात उभ्या गाडीत किंवा बाइकच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीसच्या वर पारा असताना आत काय होत असेल, तो तंगूस पुढच्या रविवारी स्प्रिंग होऊन बाहेर येतो. तंगूस वापरत असाल तर दर मोसमाला बदला, स्वस्त आहे. ब्रेडेड दोन-तीन वर्षं चालते. वरचा भाग झिजला की उलटी भरा, स्पूलच्या तळाचा भाग नवाकोरा असतो.

कापलेले तुकडे खिशात. पाण्यात किंवा काठावर एक वीतसुद्धा टाकायची नाही. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित आणि बदकं उतरतात, वर्षभर बगळे आणि टिटव्या असतातच. पायात तंगूस गुंतलेला बगळा उडू शकत नाही आणि सोडवायला गेलं तर जवळ येऊ देत नाही. नायलॉन आणि फ्लुरोकार्बन वर्षानुवर्षं कुजत नाहीत. झाकणाची एक रिकामी बाटली सोबत ठेवा, तुकडे त्यात कोंबा, दुसऱ्यांनी टाकलेलेही उचला. घरी आल्यावर कात्रीने बोटभर लांबीचे बारीक तुकडे करा आणि मगच सुक्या कचऱ्यात द्या.